बिनसाखरेचा आवाज

"आज पण साखर विसरलो..."

प्रियदर्शनीच्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं.

ती कातळावर ओणवी होऊन हंडा विसळत होती. तिनं झटकन मागं वळून पाहिलं. मागं धुकं. पुढं पाणी, आणि पाण्यावर पुन्हा धुकं. उजव्या हाताला दवानं वाकलेले हरभऱ्याचे वाफे. माणूस म्हणावं असं कुणीही नव्हतं.

"...आणि दूधही नासलं," आवाज पुढं म्हणाला. पुरुषाचा, तरुण, नुकताच झोपेतून उठलेला — आणि फार दुःखी.

हंडा तिच्या हातून निसटला. कातळावर ठणाणा आपटत पाण्यात गेला. आवाज एकदम थांबला. क्षणभर त्या अडलेल्या भीमेवर काहीच हललं नाही. मग तितक्याच जवळून, दबल्या सुरात प्रश्न आला —

"कोण आहे?"

प्रियदर्शनीनं पदर खोचला. ती पळाली.

"हंडा कुठाय, वन्सं?" घरी पोचताच वहिनीनं विचारलं.

"पाण्यात."

"आन् पाणी?"

"ते पण पाण्यात."

तिचे आजोबा, नाना, अंगणात शेकोटीपुढं बसले होते. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, काठीनं एक निखारा उलटा केला आणि विचारलं, "काय म्हनलं म्हनतीस?"

"साखर विसरलो."

"आन् दूध नासलंय?"

"व्हय, नाना."

"म्हंजी मेल्यावर बी च्या सुटला न्हाय बिचाऱ्याचा."

वहिनी हसली नाही. "चेष्टा नका करू नाना. कातळाखाली जुनं गाव हाय."

ते खरंच होतं. खाली उजनीला धरण झालं, भीमा अडली आणि पाणी मागं मागं सरत डाळजच्या शिवारापर्यंत आलं. नदीकाठचं जुनं गाव उठून वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला, येऊन वसलं, तेव्हा प्रियदर्शनी दुडुदुडु चालत होती. तिला जुन्या गावातलं काही आठवत नव्हतं. पण दरवर्षी थंडी सरताना पाणी उतरू लागलं, की कातळासमोर एका वाळल्या वडाचा शेंडा पाण्याबाहेर येई, बुडत्या माणसानं हात वर करावा तसा. आणि मासे धरणारी सगळी माणसं एक नेम पाळत. वडाजवळ होडी आली की वल्हं उचलून धरायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, जाळं तर टाकायचंच नाही. होडी आपल्या ओढीनं गाव ओलांडेपर्यंत मुक्यानं बसून राहायचं. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच मिळे — "बोललं की खालनं उत्तर येतं."

आज ते तिला आलं होतं...

"नानांचा न्हाई इस्वास," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली.

"छप्पन साली दीक्षा घेतली तवा देव, भूत, उतारा, अंगारा, समदं गाठुडं बांधून भीमेत सोडलं म्या."

"मंग तेच बोलत असंल पाण्यातनं," वहिनी पुटपुटली.

नाना मोठ्यानं हसले. मग हसू ओसरलं आणि ते विस्तवाकडं पाहत राहिले. "पहाटं जाग आली की पैली जातीच ऐकू यायची गावात. घरघर, घरघर... तुझ्या आजीचं, रंगुबाईचं, जातं थोरलं. गाव उठवताना गाडीत चढंना. म्हनली, ऱ्हाऊ द्या हितंच, मी येईन की न्ह्यायाला. नव्या गावात वरीस बी काढलं न्हाय तिनं."

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रियदर्शनी पुन्हा कातळावर गेली. हंडा आणायला, असं तिनं वहिनीला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

धुकं कालच्यासारखंच होतं. कुठूनतरी अगदी बारीक घरघर येत होती. थांबे, पुन्हा सुरू होई. कुणाची तरी मोटारबोट असेल. मग ती घरघरही थांबली. प्रियदर्शनीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि हळूच विचारलं —

"साखर मिळाली का?"

धप्पकन काहीतरी पडलं. पाठोपाठ "आई गं!"

भूत "आई गं" म्हणतं असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिला जरा धीर आला.

"लागलं का?"

"भाजलं. चहा सांडला पायावर... कोण तुम्ही? काल हंडा तुम्हीच पाडलात ना?"

"तुमच्यामुळं पडला."

"मला वाटलं, एकटा राहून वेड लागलं मला. डोळ्याला डोळा नाही लागला."

"तुम्ही... जिवंत आहात?"

"चहा होईपर्यंत नक्की सांगता येत नाही."

तिला हसू फुटलं. पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "हसू नका हो! तुमचं हसू अगदी मानेवर येतं. तंबूत मी एकटा, आणि कुणीतरी मानेशी हसतंय... काटा आला बघा अंगावर."

तंबू! पलीकडच्या काठावरच्या टेकाडावर पंधरवड्यापूर्वी एक तंबू पडला होता, हे तिला आठवलं. भर उन्हात तिथला माणूस इथून बोटाच्या पेराएवढा दिसे. हाक मारली तरी पोचू नये इतकं ते लांब.

"नाव काय तुमचं?"

"बुद्धघोष. सोमेश्वरनगरचा. वडील साखर कारखान्यात आहेत."

"साखर कारखान्यात! आणि तुम्ही—"

"ते नका बोलू. आई रोज बोलते. शिकायला रत्नागिरीला होतो, मासळीच्या कॉलेजात. तिथं 'घोष' ऐकून सगळ्यांना वाटलं, मी बंगाली. खानावळवालीनं पहिल्याच दिवशी माशाचं डोकं वाढलं."

"खाल्लंत?"

"खाल्लं. बंगालची अब्रू होती."

त्या दिवशी घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की हंडा काढायचा राहूनच गेला.

बारामतीच्या कॉलेजात तिनं पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. केलं होतं. उलगडा व्हायला तिला फार वेळ लागला नाही. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते, आणि तिच्यावरची थोडी उबदार. आवाज वर निघाला की त्या उबदार थरातून वाकतो आणि पुन्हा खाली येतो. वारा पडलेला असला, तर पाण्यावरून सरपटत थेट पलीकडं पोचतो. ऊन चढलं, हवा हलली, की वाट मोडते.

तिनं हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा पलीकडं चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे आपण फक्त सूर्य उगवेपर्यंत..."

"सूर्य उगवेपर्यंतच," ती म्हणाली. का कोण जाणे, तिनं पूर्वेकडं पाठ केली.

मग पहाटे अशाच जाऊ लागल्या. मधूनच ती बारीक घरघर येई; त्याचीच मोटारबोट असावी, असं तिनं धरलं होतं. तो पाहणीच्या कामावर आला होता. पाणी कसं उतरतं, मासळी कुठं जाते, काठावर कोण काय पेरतं, हे सगळं पाहायचं. त्याआधी दोन वर्षं कोकणात खाड्या आणि कांदळवनं धुंडाळत, भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याच्या रेषा आखत हिंडला होता.

"तिथं भांडण एकच. किनारा कुणाचा? हॉटेलवाल्याचा, कोळ्याचा, की खेकड्याचा?"

"मग कुणाचा?"

"तिघांचाही दावा आहे. खेकडा जरा कमी बोलतो."

"आणि इथं?"

"इथं किनारा एका जागी थांबेल तर ना! काल जिथं माझे पाय भिजले, तिथं आज कुणीतरी मका टोकतंय."

ती हसली. तो म्हणाला, "मानेवर!" ती आणखी हसली. सूर्य उगवला आणि त्याचं पुढचं वाक्य अर्ध्यातच विरून गेलं, पाण्यात साखर विरावी तसं.

एकदा तो गंभीर होऊन बोलला. "तुमच्या जुन्या गावात आता मोठी वस्ती आहे, माहितेय? पाणी उतरेल तशी सगळी थोरली मासळी तिथं जमते. कटला, मरळ, वाम... खोल पाणी, भिंतींचा आडोसा. उन्हाळा काढतात आणि पाऊस लागला की बाहेर पडून अंडी घालतात. या भागातलं सगळं पाणी त्या एका गावावर नांदतंय."

"आणि ते गाव आमच्या लोकांच्या भीतीवर," प्रियदर्शनी म्हणाली.

मग एका दुपारी मच्छीमार सोसायटीच्या ओसरीवर बैठक भरली. ती नानांना धरून घेऊन गेली होती. कडेला एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. उन्हानं नाक सोललेलं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं लक्षही दिलं नसतं. पण तो पुढं होऊन म्हणाला, "जयभीम, नाना," आणि तिच्या मानेवर सरसरून काटा आला.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पाहिलं. भर उजेडात, दोन हातांच्या अंतरावर उभं राहून दोघांनाही बोलता येईना.

"आज... ऊन फार आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

झालं! एवढंच.

बैठकीत चेअरमन मानसिंगराव बोलत होते. आवाज मोठा, माणूस मनानं वाईट नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं असलं की त्यांना दम निघत नसे. "भुताखेताचे दिस गेले. जुन्या गावावर मासळी नुसती ठासून भरलीया. बारीक आसाचं, बारीक भोकाचं जाळं मागिवलंय म्या, बोटभर मासा बी सुटायचा न्हाय."

"बोटभर सुटला नाही तर पुढच्या वर्षी हातभर कुठून येणार?" बुद्धघोष म्हणाला. "समुद्रावर कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या लोटत नाहीत. अंड्यावरची मासळी—"

"समिंदर लांब ऱ्हायला, सायेब. पुढचं वरीस कुनी बघितलंय?"

"माझी पाहणी पुरी होऊ द्या."

"हूं द्या की. आमचं जाळं बी हूं द्या."

दुसऱ्या पहाटे दोन्ही काठांवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही इतक्या छान—"

"काय?"

"...इतक्या छान गप्प बसता, माहीत नव्हतं."

"तुम्हीही," ती म्हणाली. पण दोघांच्याही बोलण्यात काळजी होती. एकदा ते जाळं जुन्या गावावर फिरलं, की त्याच्या पाहणीचा कागद पुण्याच्या कचेरीत पोचेपर्यंत वाचवायला काही उरणार नव्हतं.

आणि चार-दोन दिवसांतच ती पहाट आली.

कातळावर पोचली तर कानाशी दुसरेच आवाज. वडाच्या बाजूनं, धुक्यातून.

"वल्हं उचलू का, चेअरमन?" हा जोतीराम. गावात त्याच्याइतका पाण्याचा माहीतगार नव्हता, आणि त्याच्याइतका भित्राही.

"काय उचलू नगं. सोड जाळं."

"पर नेम हाय..."

"नेम खुट्टीला टांग. सोड!"

जाळ्याचे मणी होडीच्या काठावर खुळखुळले. प्रियदर्शनीनं तोंड उघडलं. तिला ओरडायचं होतं, की थांबा. पण बाहेर आला तो भलताच, जुनाट, संथ आवाज —

"कोन आलंय माज्या दारात...? पाय धुऊन ये."

धुक्यात जाळ्याचे मणी थांबले. मग जोतीरामची किंकाळी, होडी कलल्याचा आवाज, आणि धपाक!

"जोत्या! आरं, हात दे! पाय गुतलाय त्येचा जाळ्यात... जोत्या!"

प्रियदर्शनीला काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. आणि सगळं अगदी कानाशी. पाणी झोडपणारे हात. मग तेही मंद होत गेलेले. ती आपल्या खऱ्या आवाजात जीव खाऊन ओरडली, "बुद्धघोष!"

तिनं त्याला नावानं मारलेली ती पहिली हाक. चेअरमनांचा आवाज ऐकूनच तो होडी घेऊन निघालेला होता; वल्ही मारत आला. त्यानं उडी घेतली, जाळं कापलं आणि जोतीरामला वर काढलं.

जोतीराम वाचला. पण तापानं फणफणला. "म्हातारी व्हती," म्हणे. "आन् खाली बुडालो तवा जातं वाजत व्हतं... पाण्यात... घरघर घरघर." त्याच्या बायकोनं देवऋषी बोलावायचं ठरवलं आणि दारात बोकड आणून बांधलं. होड्या काठाला उलट्या पडल्या. माणसं पाण्याच्या वाटेनं जाईनाशी झाली. पोरांना संध्याकाळनंतर दारं लावून घरात बसवू लागले.

जुनं गाव वाचलं होतं. पण प्रियदर्शनी भरल्या ताटावरून उठून अंगणात येऊन बसली.

संध्याकाळी नाना तिच्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिले.

"त्यो आवाज तुजा व्हता."

तिनं मान खाली घातली.

"जोत्या का भ्याला, ठावं हाय? दारात कुनी आलं की 'पाय धुऊन ये', ह्ये रंगुबाईचं बोलनं. जोत्या ल्हान असताना तिच्या चुलीपशी पडीक असायचा. हज्जारदा ऐकलं आसंल त्येनं." नानांनी तिच्याकडं पाहिलं. "पर तू कुठं ऐकलंस, पोरी? ती गेली तवा तुला नीट बोलता बी येत नव्हतं."

प्रियदर्शनीनं आपल्याच ओठांवर बोटं ठेवली. ते शब्द तोंडात कुठून आले, तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"मी काय करू, नाना? खरं सांगितलं तर भीती जाईल. भीती गेली की जाळं येईल."

"यील."

"मग?"

"आमी आमच्या मानगुटीवरचं भूत उतरावलं, ते दुसऱ्याच्या मानगुटीवर बसवायला न्हवं," नाना म्हणाले. आवाज चढला नाही. काठी मात्र थांबली. "अवसंला त्या बोकडाच्या मानंवर सुरी फिरंल. मंग कुनाच्या पोरीला भुताचं झाड लागलं म्हनतील. भीती घालून राखल्यालं पानी राखल्यालं नसतं, प्रिया."

पहाटे तिनं बुद्धघोषला सांगितलं. "उद्या मी जोतीरामभाऊ आणि मानसिंगरावांना इथं आणते. हंडा वाजवला की तुम्ही काहीही बोला. त्यांना कळू दे, आवाज कुठून येतो ते."

"नक्की ना? मासळी..."

"नक्की." ती थोडी थांबली. "मग आपलं हे... सगळ्यांना कळेल."

"आपलं काय?"

"हेच. बोलणं."

"एवढंच?"

"...एवढंच," ती म्हणाली. पलीकडचा निःश्वास तिच्या मानेला लागला, आणि ती कातळावर विनाकारण पाय घासत राहिली.

दोघांना आणायचं म्हणाली होती. आलं सगळं गाव. पांघरुणं लपेटून, एकमेकांना धरून. जोतीराम शालीत, मानसिंगराव मफलरात, वहिनी कडेवर मूल घेऊन. कातळाजवळ येताच जुन्या सवयीनं सगळे चिडीचूप झाले. धुक्यातून वडाची बोटं अंधूक दिसत होती. प्रियदर्शनीनं हंडा उचलला. आता वाजवणार, इतक्यात —

"प्रियदर्शनी, मला तुम्हाला विचारायचंय..."

बायकांनी पदर तोंडाशी नेले. जोतीरामनं मानसिंगरावांचा दंड पकडला.

"...छे. 'तुम्हाला' नको. तुला. प्रिया, मला तुला विचारायचंय. पाहणी संपली की मला पुन्हा समुद्रावर बोलावतील. समुद्र मोठा आहे, चांगला आहे, पण... त्याला पलीकडचा काठ नाही. हाक मारली की ती जाते ती जातेच. आणि आता मला पलीकडून कुणीतरी हसायची सवय झालीय. म्हणून..." चमचा भांड्यावर वाजला. "फार नाटकी होतंय. आधी साखरेचं बोलू की लग्नाचं?"

हंडा वाजेपर्यंत कातळावर कुणी नाही, असं समजून तो एकटाच तालीम करत होता. प्रियदर्शनीचा चेहरा कानापर्यंत तापला होता. तिला वाटलं, खालचं गाव उघडावं आणि तिला पोटात घ्यावं.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "भूत मागनी घालतंय तुम्हाला."

"आरं, ह्यो तर तंबूतला सायेब!" जोतीराम ओरडला, आणि साऱ्या गावाचं हसू एकदम फुटलं.

पलीकडं भांडं पडलं. "कोण... किती जण आहात तिथं?"

"समदं गाव!" मानसिंगराव हात तोंडाशी धरून गरजले. "बोला बोला, सायेब! आमी ऐकतूय!"

हसू ओसरल्यावर प्रियदर्शनी बोलू लागली. गार हवा, उबदार हवा, वाकणारा आवाज... शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सावकाश. मग तिनं जोतीरामकडं पाहिलं. "त्या दिवशी तुम्हाला ऐकू आला तो आवाज माझा होता, भाऊ. मी भीती घातली. तुमचा जीव जात होता. चुकलं माझं."

जोतीराम तिच्याकडं पाहतच राहिला. "तुजा?"

"हो."

"बोकड वाचलं म्हनायचं," तो शेवटी म्हणाला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सुटकेचं होतं की कशाचं, ते कळत नव्हतं. बहुधा म्हातारी पुन्हा भेटली असं वाटलं होतं त्याला; ती पुन्हा गेली.

मानसिंगरावांनी मफलर सोडला. "मंग मिटलंच की. भूत न्हाय म्हनल्यावर जाळ्याला आडवं कोन?"

प्रियदर्शनीला जे भय होतं तेच समोर उभं होतं. तेव्हा नाना काठी टेकत पुढं आले.

"मानसिंगा, पैल्या वर्सी ह्या पान्यावर होडी घातली ती म्या, तुज्या बानं आन् जोत्याच्या बानं. वडापशी आलो तवा तुज्या बानं वल्हं उचाललं. का ठावं हाय? खाली त्येचं घर व्हतं. घरावर वल्हं कसं मारायचं? आमी गप बसलो, कारन बोलाया गेलो असतो तर रडाया आलं असतं. तिगं बी. दर खेपंला. मंग आमची पोरं होडीत बसाया लागली. त्यास्नी वाटलं, थोरली मानसं गप बसत्यात म्हंजी भीत असतील." नाना थांबले. "भ्यालो न्हवतो, बाळा. हितं भूत कवाच नव्हतं. घर व्हतं."

धुकं पातळ होत चाललं होतं. मानसिंगराव वडाच्या शेंड्याकडं पाहत होते. "आमचं घर... ह्या पान्यात कंच्या अंगाला आलं?"

नानांनी काठीनं दाखवलं.

"म्या न्हाय टाकनार जाळं," जोतीराम म्हणाला. "आदी भीत व्हतो म्हनून टाकत नव्हतो. आता भीत न्हाय, म्हनून टाकनार न्हाय."

मानसिंगरावांनी घसा खाकरला. "उन्हाळा सोडला, चला. पाऊस हून पिल्लं सुटली की मंग धरू. मोठ्या आसानं. पर भाईरचा कुनी आला तर?"

"तर आपण सगळे," प्रियदर्शनी म्हणाली.

"सगळे," वहिनी म्हणाली. मग आणखी कुणीतरी म्हणालं, आणि आणखी. पूर्वेला उजळू लागलं होतं. पलीकडून क्षीण, घाबरलेला आवाज आला —

"तुमचं झालं असेल तर... मी उत्तराची वाट बघतोय. सूर्य येतोय."

पुन्हा हशा पिकला. प्रियदर्शनीनं सगळ्या गावाकडं पाठ केली, अगदी पाण्याच्या कडेला गेली, आणि कुजबुजली. पण त्या पहाटे कुजबुज लपणार कशी!

"साखर मी आणीन. तू दूध तेवढं सांभाळ."

त्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं. वडाचं खोड उघडं पडलं. होड्या त्याच्याजवळ आल्या की अजूनही वल्ही वर उचलली जात. आता पोरं विचारत, तेव्हा मोठी माणसं खाली बोट दाखवून घरं सांगत. बुद्धघोषनं पाहणी पुरी केली, आणि ते पाणी राखायच्या कामासाठी इथंच राहायची परवानगी मिळवली. लग्न ठरलं.

लग्नाआधीच्या एका पहाटे तो होडीनं अलीकडं आला आणि पहिल्यांदाच दोघं त्या कातळावर शेजारी शेजारी बसले. आता ऐकायला पलीकडं कुणी नव्हतं. त्याच्या तंबूवर दव पडत असेल. तिनं आणलेला चहा गोड होता. त्यानं तिचा हात हातात घेतला.

तेव्हा ती घरघर आली. बारीक, दगडावर दगड फिरल्यासारखी. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"तुझी मोटारबोट," प्रियदर्शनी सवयीनं म्हणाली. मग तिचा हात त्याच्या हातात थबकला. होडी तर समोरच होती.

"माझ्या होडीला इंजिन कुठंय?" तो हळू म्हणाला. "रोज ऐकायचो मी. मला वाटायचं, तुमच्या गावची पिठाची गिरणी."

"गिरणी ऊन चढल्यावर सुरू होते. पहाटे वीज नसते गावात."

दोघंही पाण्याकडं पाहत राहिले. वारा नव्हता. गार हवा, उबदार हवा, वाकणारा आवाज... सगळं तिला पाठ होतं. आवाज लांबून येतो, एवढंच त्यातून कळत होतं. किती लांबून, ते नाही.

तिला भीती वाटली नाही. तिनं चपला काढून ठेवल्या, कातळाच्या कडेला बसली आणि त्या गार पाण्यात पाय सोडून नीट, चोळून धुतले. त्यानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, आणि मग आपल्याही चपला काढल्या.

घरघर थांबली. दारात कोण आलंय ते पाहायला एखादीनं हातातला खुंटा सोडून मान वर करावी, तितकाच वेळ.

मग जातं पुन्हा फिरू लागलं.